फिलिपिन्समधले सण आणि नवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली की, तुम्ही फिलिपिन्समध्ये राहून आलात, तर तिकडच्या सणावारांविषयी चार शब्द सांगा. मी काही अभ्यासक नव्हे. यजमानांच्या नोकरीनिमित्त २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे मनिला शहरी आमचे बिऱ्हाड होते. तेथे शेजारपाजारच्या बायकांबरोबर जे पाहिले, जे विचारून घेतले आणि मागाहून वाचले, तेवढीच माझी शिदोरी. परंतु ते सण पाहताना एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. सणाचा थाट सर्वांना दिसतो. त्याचा भार मात्र कोण उचलते? तो प्रश्न आपणां सर्वांपुढे ठेवावा, म्हणून मी आज उभी आहे.

प्रथम देशाची थोडी ओळख करून देते. फिलिपिन्स म्हणजे सात हजार सहाशेहून अधिक बेटांचा देश. नारळ, भात, मासळी, केळीची पाने आणि धो धो पाऊस. आपल्या कोकणातल्या माणसाला तेथे फारसे परके वाटत नाही. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथे स्पेनचे राज्य होते, नंतर अमेरिकेचे आले, आणि १९४६ साली देश स्वतंत्र झाला. स्पॅनिश अमलात बहुतेक लोक कॅथलिक झाले. आजही पाचांतील जवळजवळ चार माणसे त्या पंथाची आहेत. दक्षिणेकडे मिंदानाओ बेटावर मुसलमानांची जुनी आणि मोठी वस्ती आहे. २००२ च्या कायद्याने रमजान ईदची सुटी साऱ्या देशाला मिळू लागली. मी आज बोलणार आहे ते मात्र ख्रिस्ती सणांविषयीच, कारण तेच मी जवळून पाहिले.

या दूरच्या देशाशी आपल्या वसईचा एक जुना धागा आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसेल. सोळाव्या शतकात वसईस जन्मलेले गोन्सालो गार्सिया व्यापारानिमित्त फिरत फिरत मनिलास पोचले आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. त्यांना जपानी भाषा उत्तम येत असे, म्हणून १५९३ मध्ये मनिलाहून जपानला निघालेल्या धर्मगुरूंबरोबर दुभाषे म्हणून ते गेले. पुढे १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकी येथे त्यांना इतरांसह क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये रोमच्या चर्चने त्यांना संतपद दिले. वसईकर मंडळी त्यांचा उत्सव भक्तिभावाने करतात.

आता मुख्य विषयाकडे येते. फिलिपिन्समधले सण समजून घ्यावयाचे तर एक शब्द आधी शिकावा लागतो. तो शब्द ‘पानाता’. आपण त्याला नवस म्हणू. पण थोडा फरक आहे. आपण नवस फेडतो आणि मोकळे होतो. पानाता बहुधा वर्षानुवर्षे पाळावयाची असते. मूल दुखण्यातून उठले, नवरा वादळातून सुखरूप परत आला, म्हणून एखादी बाई देवाला शब्द देते, आणि तो शब्द हातपाय चालतात तोवर पाळते. तिला जमेनासे झाले की पुष्कळदा लेक तो पुढे चालविते. मिरवणुकी, रोषणाई, वाद्ये ही सारी वरची सजावट. तिच्याखाली असे असंख्य दिलेले शब्द असतात.

सेबू या शहराचेच उदाहरण घ्या. १५२१ च्या एप्रिलमध्ये मॅगेलन तेथे उतरला. तेथील राजा हुमाबोन याच्या राणीने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाळ येशूची लाकडी मूर्ती तिला भेट मिळाली. त्या देशातली ही ख्रिस्ती भक्तीची पहिली मूर्ती, आणि ती प्रथम एका स्त्रीच्या हाती आली, हे मला फार विशेष वाटते. पुढे लवकरच मॅगेलन लढाईत मारला गेला, स्पॅनिश लोक निघून गेले, आणि चव्वेचाळीस वर्षे कोणी परत आले नाही. १५६५ मध्ये दुसरी स्पॅनिश स्वारी आली, गाव जळाले, आणि जळक्या वस्तीतल्या एका घरात एका शिपायाला तीच मूर्ती पेटीत ठेवलेली सापडली. मधल्या काळात ना पाद्री होता, ना देऊळ. तरी कोणीतरी तिला जपले होते. ‘सांतो निन्यो’ या नावाने ती आजही सेबूच्या मोठ्या चर्चमध्ये आहे.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी तिचा उत्सव होतो. त्यातल्या नाचाला ‘सिनुलोग’ म्हणतात. ‘सुलोग’ म्हणजे पाण्याचा प्रवाह. दोन पावले पुढे, एक पाऊल मागे, अशी त्याची चाल. १९८० पासून या नाचाची प्रचंड मिरवणूक निघू लागली. झगमगीत पोशाख, पथके, बक्षिसे, लाखोंची गर्दी. हे पाहावयास देशोदेशीचे पाहुणे येतात. पण मला भावल्या त्या चर्चच्या आवारातल्या मेणबत्त्या विकणाऱ्या बाया. वयस्कर, पिवळ्या-तांबड्या पोशाखातल्या. तुम्ही मेणबत्त्या घ्याव्यात आणि आपले मागणे तिला सांगावे. ती त्या मेणबत्त्या हातात धरते आणि तुमच्या वतीने देवापुढे दोन पावले पुढे, एक पाऊल मागे नाचते. दुसऱ्याचे दुःख आपल्या पावलांत घेऊन ती प्रार्थना करते. मिरवणूक नव्हती तेव्हाही अशा बाया तेथे नाचतच होत्या.

नाताळचा सण तर तेथे सप्टेंबरापासूनच दारात येऊन बसतो. दुकानांतून गाणी वाजू लागतात, आणि बांबूच्या कामट्यांचे व कागदाचे चांदणीसारखे आकाशकंदील, ज्यांना ‘पारोल’ म्हणतात, ते घरोघरी टांगले जातात. आपली दिवाळीच आठवावी! पण खरा सण १६ डिसेंबरला सुरू होतो. त्या दिवसापासून २४ तारखेपर्यंत ओळीने नऊ दिवस, पहाटेच्या काळोखात चर्चमध्ये प्रार्थना होते. तिला ‘सिंबांग गाबी’ म्हणतात. शेतकरी आणि कोळी उजाडण्यापूर्वी कामाला लागत, म्हणून त्यांच्या सोयीने ही वेळ ठरली. ज्यांनी कार्तिकातल्या काकड आरतीसाठी थंडीत उठून देऊळ गाठले आहे, त्यांना या पहाटेची गोडी मी वेगळी सांगावयास नको.

प्रार्थना संपली की चर्चबाहेर गरम खाद्यपदार्थांच्या शेगड्या पेटलेल्या असतात. ‘बिबिंका’ म्हणजे तांदळाचे पीठ व नारळाचे दूध यांचे, केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेले पक्वान्न. नाव गोव्याच्या बेबिंकासारखे, पण प्रकार निराळा. दुसरा ‘पुतो बुंबोंग’. जांभळ्या रंगाचा, बांबूच्या नळीत उकडलेला, वर खोबरे आणि साखर. बरोबर आल्याचे गरम पाणी, ‘सालाबात’. हे करणाऱ्या बाया कधी उठत असतील, हा विचार आपल्यासारख्यांच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आमच्या घरी कामाला एक बाई येत. त्यांना सगळे ‘आते’ म्हणत. तिकडे आते म्हणजे थोरली बहीण. मला मात्र हाक मारताना माझी आत्याच आठवे. या आतेने धाकट्या मुलाच्या दुखण्यात पानाता केली होती की, दरवर्षी नऊच्या नऊ पहाटा चुकवणार नाही. नऊ पुऱ्या केल्या तर मनातली इच्छा सफळ होते, अशी तिकडे समजूत आहे. मी तिला विचारले, ‘यंदा काय मागितलेस?’ ती म्हणाली, ‘काही नाही. मागायचे ते एकदाच मागितले. आता जाते ते आभार मानायला.’ मुलगा तोवर चांगला वीस वर्षांचा झाला होता.

हल्ली शहरांत पुष्कळ ठिकाणी हीच प्रार्थना आदल्या संध्याकाळीही होते. रात्रपाळी करणारे, दुकानांत उशिरापर्यंत उभे राहणारे लोक पहाटे कसे उठणार? काही जुन्या मंडळींना हे रुचत नाही. पण जी वेळ मुळात कष्टकऱ्यांच्या सोयीने ठरली, ती आजच्या कष्टकऱ्यांसाठी थोडी सरकली, तर त्यात मला काही वावगे दिसत नाही.

वसंतात पवित्र आठवडा येतो. त्यातले खिळे ठोकून घेण्याचे प्रकार तुम्ही चित्रांत पाहिले असतील. पांपांगा प्रांतातल्या एका गावी गुड फ्रायडेला काही माणसे स्वतःस क्रुसावर खिळवून घेतात. जगभरचे छायाचित्रकार तेथेच धावतात. चर्चच्या अधिकाऱ्यांना हे मान्य नाही, आणि बहुसंख्य लोक तसे काही करीत नाहीत. ते काय करतात, तर ‘पाबासा’. ख्रिस्ताच्या यातनांची कथा पद्यात रचलेली आहे. १७०४ मध्ये तागालोग भाषेत ती प्रथम छापली गेली. ती सुरात, आळीपाळीने, पुष्कळदा रात्रंदिवस अखंड गातात. कोणाच्या अंगणात मांडव, समोर लहानसा देव्हारा, आणि हाती पोथी घेतलेल्या शेजारणी. आपला हरिनाम सप्ताह किंवा पोथीचे पारायण डोळ्यांपुढे आणा. घरधनीण गाणाऱ्यांना खाऊपिऊ घालते. तिचीही ती पानाताच असते.

आणि मग ईस्टरची पहाट. या वेळच्या विधीला ‘सालुबोंग’, म्हणजे भेट, असे म्हणतात. दोन बाजूंनी दोन मिरवणुकी निघतात. एकीत पुनरुत्थान पावलेल्या येशूची मूर्ती, तिच्याबरोबर पुरुष. दुसरीत काळ्या बुरख्यातली माता मारिया, तिच्याबरोबर बायका. काळोखातून दोन्ही वाटा एका चौकात येऊन मिळतात. देवदूताचा पोशाख घातलेली एक लहान मुलगी उंचावरून गाते आणि हलकेच मातेचा काळा बुरखा उचलते. बस्स, एवढेच. घंटा वाजू लागतात. त्या क्षणी माझ्या आसपासच्या किती बायकांनी डोळे पुसले म्हणून सांगू! देव जिवंत झाला याहूनही आईचे सुतक फिटले, हे त्यांना जवळचे वाटत असावे.

मे महिना फुलांचा. ‘फ्लोरेस दे मायो’ म्हणजे मे महिन्याची फुले. लहान मुली रोज मारियामातेला फुले वाहतात, आणि महिनाअखेर ‘सांताक्रुसान’ची शोभायात्रा निघते. तिच्यात मानाची जागा राणी हेलेनाची; खरा क्रूस शोधून काढणारी ती सम्राटाची आई.

पण मे महिन्यातला मला सर्वांत आवडलेला सण म्हणजे १५ मेचा ‘पाहियास’. केसोन प्रांतात लुकबान नावाचे गाव आहे. शेतकऱ्यांचा संत इसिद्रो याच्या नावाने तेथे घरेच्या घरे पिकांनी सजवितात: भाताच्या लोंब्या, वांगी, शेंगा, भोपळे, नारळ. आणि त्यांत ‘किपिंग’. तांदळाचे सरबरीत वाटण खऱ्या झाडपानावर पसरून वाफवितात, अलगद सोडवून वाळवितात. पानाच्या शिरा त्यावर उमटलेल्या असतात. रंगीत किपिंगचे झुंबर करून खिडकीत टांगले की ऊन त्यातून आरपार दिसते. सालपापड्या किंवा फेण्या घातलेल्या कोणत्याही बाईला मिनिटात कळेल की, यात किती सोशिकपणा लागतो. सण झाला की हे किपिंग तळून खावयाचे. वाया काही जात नाही. आणखी एक शहाणपणाची रीत म्हणजे, मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो. ज्या रस्त्याची पाळी, त्यावरच्या घरांनी त्या वर्षी सजावयाचे. मान सर्वांना मिळतो आणि भार दरवर्षी एकाच घरावर पडत नाही.

आमची आते याच गावची. एका वर्षी तिच्या आईच्या घरावरून मिरवणूक जावयाची होती, म्हणून तिने मला आग्रहाने नेले. घर इतके सुंदर सजले होते की, परके लोक थांबून पाहत. दिवसभर दार उघडे. तिकडची रीत अशी की, सणाच्या दिवशी ओळखीचा असो, नसो, आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यावयाचे नाही. आतेची आई, वहिनी आणि ती स्वतः, तिघी चुलीपासून हलल्या नाहीत. मिरवणूक घरावरून गेली तेव्हा आते भांडी घाशीत होती. मी तिला हाताला धरून ओढीत दाराशी आणले, तेव्हा कोठे संताची पाठमोरी मूर्ती तिला दिसली.

परतीच्या वाटेवर मी खर्चाचे विचारले. ती हसली आणि म्हणाली, ‘थोडे बुंबाय देतो.’ भगिनींनो, हा शब्द ऐकून मी चपापले. बुंबाय म्हणजे बाँबे, आपली मुंबई! तिकडे कोणत्याही हिंदुस्थानी माणसाला बुंबाय म्हणतात. मोठ्या कांद्यालाही बुंबायचेच नाव आहे. पण गरिबांच्या वस्तीत बुंबाय म्हणजे मोटारसायकलवरून दारोदार फिरून उसने पैसे देणारा सावकार. पाच घ्या आणि सहा द्या, असा त्याचा हिशेब, म्हणून त्या धंद्याचे नावच ‘पाच-सहा’ पडले आहे. हे लोक बहुधा पंजाबकडचे. आपली मुंबई त्यांतल्या कित्येकांनी धड पाहिलीही नसेल. बँक ज्यांना दारात उभे करीत नाही, त्यांना तारण न मागता पैसे देणारे तेच, हेही खरे. पण माझ्या शहराचे नाव एका गरीब घरात कर्जाच्या रूपाने पोचलेले पाहून मला वाईट वाटले. आते तो हप्ता गणपतीच्या सुमारापर्यंत फेडीत होती.

‘एवढे करावयास कशाला हवे?’ असे मी विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते. तिकडे ‘हिया’ म्हणतात; आपण शरम म्हणतो, ‘चार लोक काय म्हणतील’ म्हणतो. या खर्चावर टीका करणारे शहाणे लोक त्या देशात नाहीत असे नव्हे. त्यांचे राष्ट्रपुरुष होसे रिसाल यांनी १८८७ मध्ये छापलेल्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीत गावजत्रेच्या उधळपट्टीवर कोरडे ओढले आहेत. त्याच कादंबरीत ओबांदो गावच्या नाचाचाही उल्लेख येतो. १७, १८ व १९ मे या तीन दिवशी मूल नसलेली जोडपी तेथे आजही संततीसाठी नाचतात. कादंबरीतली एक बाई तसे नाचते, तिला मुलगी होते, आणि सारे त्याला चमत्कार मानतात. प्रत्यक्षात त्या मुलीच्या जन्मामागे एका धर्मगुरूचे पाप दडलेले असते. मूल नाही म्हणून बाईनेच देवापुढे पाय झिजवावे, ही रीत आपल्याकडेही नवी नाही. ओबांदोस निदान नवरा-बायको दोघे बरोबर नाचतात. बाईला एकटीला दोषी धरण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

शेवटी परदेशी गेलेल्यांविषयी सांगते. १९७४ पासून त्या देशाच्या सरकारने माणसे कामासाठी बाहेर पाठविण्याचे धोरण धरले. आज आखातात, हाँगकाँगमध्ये, इटलीत लक्षावधी फिलिपिनो काम करतात, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांची सेवा करणाऱ्या. मनिलाजवळ आंतिपोलो येथे सुखप्रवासाच्या मातेचे देऊळ आहे. १६२६ मध्ये ही मूर्ती मेक्सिकोहून जहाजाने आली. पुढे महासागर ओलांडणारी गलबते तिच्या भरवशावर निघत. आज तेथे विमानाचे तिकीट हाती असलेल्या आया येतात. आतेची धाकटी बहीण आखातात जाण्यापूर्वी तेथे गेली होती. पाहियासच्या दिवशी तिचे पैसे आले होते, ती नव्हती. तिची मुलगी आजीजवळ बसून किपिंग सोडवीत होती, आणि मोठी माणसे टेलिफोनवर तिच्या आईला घराची सजावट दाखवीत होती. आईने सारे घर पाहिले, आणि मग म्हणाली, ‘आता मुलीचे हात दाखवा.’ पान फाटू न देता सोडवावयास ती शिकली की नाही, ते तिला पाहावयाचे होते.

तर भगिनींनो, मूर्ती जपली ती अज्ञात हातांनी, पहाट राखली ती शब्द दिलेल्या बायांनी, आणि पानावरचे पान अलगद सोडविण्याची विद्या आजीकडून नातीकडे चालली आहे. सण टिकतो तो यामुळे, असे मला वाटते. कर्ज काढून दाखविलेल्या थाटामुळे तो टिकत नाही. त्या थाटाने फक्त एखाद्या आतेचे चार महिने खाल्ले जातात.

लुकबानची एक रीत मात्र आपण उचलावी, अशी माझी सूचना आहे. आपल्या मंडळाचे हळदीकुंकू, भोंडला, वर्धापनदिनाचा फराळ यांचा भार आजवर ठराविक पाच-सहा घरांवर पडतो, आणि ज्यांची ऐपत नाही त्या संकोचाने मागे राहतात. पुढील वर्षापासून कामाची पाळी आळीपाळीने फिरावी, खर्चाला मर्यादा असावी, आणि वर्गणीची यादी भिंतीवर लावू नये. आणखी एक गोष्ट करावी. आरतीच्या वेळी स्वयंपाकघरात असलेल्या प्रत्येक बाईला हाक मारून बाहेर आणावे, आणि ती आल्याशिवाय आरती सुरू करू नये. देव तेवढा वेळ खचित थांबेल.